पाकिटावर कोंबडीचं वय छापा

प्रति,
मुंबईतल्या सुपरमार्केट साखळ्यांचे खरेदीप्रमुख

स. न. वि. वि.

मी परळला घरगुती डबे करते. बुधवार आणि रविवार चिकनचे. आठवड्याला चौदा-पंधरा किलो लागतं. तुमच्या उलाढालीत एवढ्याने काहीच हलत नाही, हे मला कळतं. पण चिकनच्या फ्रीजजवळ उभा असणारा तुमचा मुलगा मला लांबून बघूनच "मावशी, आज ऑफर आहे" म्हणतो, इतकी आपली ओळख आहे. त्या ओळखीवर लिहितेय.

गेल्या महिन्यात अशीच एक ऑफर होती. किलोच्या पाकिटावर अर्धा किलो मोफत, २१० रुपये. उभ्या उभ्या भागाकार केला : १४० रुपये किलो. त्याच दुकानात दहा पावलांवर फरसबी १६० होती. म्हणजे अंड्यातून उबवून काढलेला, दाणा घालून वाढवलेला, ट्रकमधून आणलेला, कापून, सोलून, साफ करून थंड ठेवलेला जीव फरसबीहून स्वस्त. मग मी काय केलं? चार पाकिटं उचलली. धंदा आहे, उगाच सोवळेपणा कशाला सांगू.

रात्री मामेभावाला फोन केला होता, भलत्याच कामासाठी. मुरबाडजवळ त्याची पोल्ट्री आहे, पाच हजार पक्ष्यांची. बोलता बोलता मी त्याला हा भाव सांगितला. तो जरा गप्प बसला, मग म्हणाला, "ताई, मला ह्या बॅचला किलोमागे सात रुपये सुटले. त्यातून वीजबिल गेलं."

ऑफरचा तोटा कदाचित तुम्ही स्वतः सोसला असेल. कोंबडीसाठी आलेलं गिऱ्हाईक तेल, साबण, बिस्किटं घेऊन जातं, हे मलाही समजतं. पण रोजच्या भावातही कुणीतरी काहीतरी सोसत असतंच, आणि ते कोण, हे तुमच्या पाकिटावर कुठेही लिहिलेलं नसतं. माझं मागणं त्या पाकिटापुरतंच आहे. त्याआधी थोडं ऐकून घ्या.

हे पत्र वाचून ज्यांना आनंदाच्या उकळ्या फुटतील, त्यांना आधीच सांगते, मी तुमच्यातली नाही. मी कोंबडी खाते, बोंबील खाते, परवडेल तेव्हा मटण खाते. मांसमच्छी खाणाऱ्याला या शहरात भाड्याची जागा कशी नाकारतात, ते माझ्या धाकट्या दिराच्या वेळी बघितलंय. २०१५ साली पर्युषणातल्या मांसबंदीवरून मुंबईत रण माजलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा मी बंदीच्या विरोधात होते आणि आजही आहे. पण त्या भांडणात एक गोष्ट झाली. आम्ही खाणाऱ्यांनी कोंबडीच्या हालांबद्दल बोलणंच टाकून दिलं. बोललो तर माकडाच्या हाती कोलीत दिल्यासारखं होईल, ही भीती. मग तिच्याबद्दल बोलायचं काम तिला न खाणाऱ्यांकडे गेलं, आणि त्यांचं बोलणं 'खाऊच नका' यापुढे सरकत नाही. मी खाणार आहे. म्हणूनच मला विचारायचा हक्क जास्त आहे, असं मला वाटतं.

मागच्या मे महिन्यात मी मामेभावाकडे दोन दिवस राहिले. बॅच छत्तीस दिवसांची होती. शेडचं दार उघडल्यावर पहिल्यांदा नाकात जातो तो अमोनिया, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खाली भाताचं तूस, एका बॅचची सगळी विष्ठा त्यातच मुरलेली. आणि जिथवर नजर जाईल तिथवर पांढरे पक्षी, बहुतेक बसलेले. मला वाटलं, उन्हामुळे बसलेत. "नाही गं," तो म्हणाला, "पहिल्या आठवड्यात ये, कशी पळतात बघ. आता वजन झालंय." एक पक्षी खाद्याच्या भांड्याकडे निघाला, चार पावलं गेला, बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. आणि आवाज! दोन किलोचं धूड, पण तोंडातून येत होती पिल्लाची चिवचिव. अजून कंठही फुटलेला नव्हता. कोंबडी पाच-सात वर्षं जगू शकते. ही मंडळी चाळिशीच्या आत जातात, आणि चाळिशी म्हणजे दिवसांची.

जागेचं म्हणाल तर ठोकताळा असा की एका पक्ष्याला एक चौरस फूट. आमच्याकडे चौरस फुटांचा हिशोब कुणाला शिकवावा लागत नाही. बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-आठ माणसं राहिलेली आहेत. पण आमची पोरं निदान गॅलरीत, जिन्यावर, मैदानात जायची. ह्या पक्ष्याचा चौरस फूट हाच त्याचा जिना आणि हेच मैदान. मोठमोठ्या पंख्यांच्या बंदिस्त शेडमध्ये, ज्याला ईसी शेड म्हणतात, तिथे त्याहूनही कमी.

मला आमच्या गावची, कुडाळ तालुक्यातली, आजीची कोंबडी आठवली. ती दिवसभर परड्यात उकरत हिंडायची, दुपारी धुळीत लोळायची, संध्याकाळी आपणहून खुराड्यात यायची. खुडूक झाली की आजी आम्हाला दम द्यायची, "तिका हात लाव नको, बसाक दी." पाव्हणा आला की तीच आजी तिची मान मुरगळायला मागेपुढे बघायची नाही, आणि आम्ही रस्सा ओरपायला. तेव्हा मारण्याबद्दल मी इथे बोलत नाहीये. मधल्या दिवसांबद्दल बोलतेय.

आपण मराठीत ब्रॉयलरला 'बॉयलर' म्हणतो. माझ्या मुलाने एकदा मला त्यावरून सुधारलं होतं. शेड बघून आल्यापासून मी पुन्हा 'बॉयलर'च म्हणते. नुसता आतला दाब वाढत राहतो.

एक गैरसमज मात्र माझाही होता. मुंबईत दर दुसरा माणूस सांगतो, कोंबड्यांना इंजेक्शन देऊन फुगवतात, हार्मोन देतात. मी भावाला तसं विचारलं, तर तो हसायला लागला. पाच हजार पक्ष्यांना कोण सुया टोचत बसणार, आणि तेवढ्या हार्मोनचा खर्च कोण करणार? वाढ येते ती पिल्लातच भरलेली असते, निवड करकरून तयार केलेल्या जातीतून. जगभरातल्या ब्रॉयलरच्या जाती आज मुख्यतः दोन-तीन कंपन्यांच्या हातात आहेत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९५७ सालची जात, १९७८ची आणि २००५ची, तिन्हींना सारखंच खाद्य देऊन शेजारी शेजारी वाढवलं. ५६व्या दिवशी जुना पक्षी ९०५ ग्रॅमचा होता, मधला १,८०८ ग्रॅमचा आणि नवा ४,२०२ ग्रॅमचा. एकाच वयाचे तीन पक्षी, आणि तिसऱ्याचं वजन पहिल्याच्या साडेचार पटीहून जास्त. सांगाडा, पाय, हृदय, फुप्फुसं ह्या वजनाला कशी पुरणार? ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५१ हजार पक्ष्यांची चाल तपासली होती. चारातल्या एकाहून जास्त पक्ष्यांना नीट चालता येत नव्हतं.

तेव्हा तुमच्या पाकिटावर कुणी ठळक अक्षरांत 'हार्मोन-फ्री' छापत असेल, तर ते 'पाण्यात प्लास्टर ऑफ पॅरिस नाही' असं छापण्यासारखं आहे. 'अँटिबायोटिक रेसिड्यू फ्री' हेही नीट वाचायला हवं. त्याचा अर्थ मांसात औषधाचा अंश उरलेला नाही, एवढाच. पक्ष्याला औषध दिलंच नव्हतं, असा नाही. कापायच्या आधी ठरावीक दिवस औषध बंद केलं की अंश उतरतो. २०१४ साली दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ७० नमुने तपासले, त्यांतल्या ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. कोलिस्टिनसारखं, माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध पशुखाद्यातून जात होतं. ते केंद्राने २०१९च्या जुलैमध्ये बंद केलं. चांगलं झालं. पण बघा, या सगळ्या लेबलांत काळजी कुणाची आहे? माझी. माझ्या पोटाची. तिची नाहीच.

लेबल काहीही म्हणो, मांस बोलतं. डबे करायला लागल्यापासून हजारो किलो चिकन माझ्या हाताखालून गेलंय. बोनलेसच्या पाकिटात छातीच्या तुकड्यावर धाग्याला समांतर अशा पांढऱ्या बारीक रेघा असतात, त्या कधी नीट बघा. मी आधी समजायचे, चरबी आहे, चांगलंच आहे. ती चरबीच आहे, पण झपाट्याने फुगलेल्या स्नायूची झीज होते आणि त्या जागी ती भरते. दुसरी खूण तंगडीच्या सांध्यावर असते. ओल्या, अमोनियाने भिजलेल्या तुसावर बसून बसून कातडी भाजते, तपकिरी चट्टा पडतो. युरोपात कातडीसकट अख्खी कोंबडी विकतात, तिथे तो चट्टा गिऱ्हाईक दुकानातच बघू शकतं. आपल्याकडे कातडी सोलून, सांध्याखालचा पाय छाटून 'करी कट' करतात. पुरावा कचऱ्यात.

आता तुम्ही म्हणाल, मावशी, नाक्यावरच्या चिकनवाल्याकडे काय वेगळं आहे? काहीच नाही. त्याचाही माल त्याच शेडांतून येतो. रात्री हमाल एका हातात चार-पाच पक्षी पायांनी धरून क्रेटमध्ये कोंबतात, गाडी घाट उतरून येते, पहाटे कुणीतरी स्कूटरच्या हँडलला उलट्या टांगून दहा-दहा कोंबड्या नेत असतो, आणि दुकानात पिंजऱ्यातल्या बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत एकेक कापली जाते. हे सगळं ओंगळ आहे. पण ते मला दिसतं. दिसतं म्हणून कधीतरी मी त्याच्याशी भांडलेही आहे, आणि त्याने त्या दिवसापुरता का होईना पिंजरा आडोशाला नेला. तुमच्याकडे पांढरी टाइल, निळा दिवा, प्लास्टिकचा ट्रे. भांडू कुणाशी?

कायद्याशी भांडावं तर तोही वयस्कर आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६०चा. माणूस सोडून कुठलाही सजीव म्हणजे प्राणी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी कोंबडी ही प्राणी आहे की नाही यावर गुजरात उच्च न्यायालयात २०२३ साली युक्तिवाद झाले, ही गंमत वेगळी. विनाकारण वेदना होतील अशा रीतीने किंवा अशा स्थितीत प्राण्याला नेणं, हलता येणार नाही इतक्या जागेत कोंडणं, हे त्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. तुमची कापडी पिशवीसुद्धा एवढ्यात येत नाही. २०१७च्या जुलैमध्ये विधी आयोगाने आपला २६९वा अहवाल याच विषयावर दिला, अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्या कशा ठेवाव्यात, कशा न्याव्यात याच्या नियमांचे मसुदेही जोडले. वाचण्यासारखा आहे. पण शेडमध्ये नियम तुमचेच चालतात. वजन किती हवं, कधी हवं, काय भावाने हवं, ते तुमच्या टेबलावर ठरतं आणि तिथून ते पुरवठादाराकडे, कंपनीकडे, सुपरवायझरकडे आणि शेवटी माझ्या भावाकडे उतरत येतं.

त्याचंही सांगते, कारण कोंबडीची बाजू घेतली की शेतकऱ्याला खलनायक करायची पद्धत आहे. तो आधी स्वतःची पिल्लं आणून स्वतःच विकायचा. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली, भाव पार कोसळला. त्याने पक्षी गावात फुकट वाटले, कारण रोजचं खाद्य घालणं त्याहून महाग होतं. कर्ज झालं. त्यानंतर तो करारात गेला. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, तूस आणि नवराबायकोची मेहनत ह्यांची. पक्षी त्याचा कधी नसतोच. शेवटी वजनावर किलोमागे ग्रोइंग चार्ज मिळतो, त्यातून एफसीआर बिघडला म्हणून कापतात, मरतूक वाढली म्हणून कापतात. एफसीआर म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य गेलं तो आकडा. एकूण खर्चात साधारण दोन तृतीयांश खाद्याचाच असतो, त्यामुळे तो आकडा दशांशाने हलला तरी ह्याच्या पोटात गोळा येतो. "तू पक्षी कमी ठेव, जरा मोकळे ठेव," असं मी त्याला शहाणपण शिकवलं. त्याने विचारलं, "मग शेडचा हप्ता तू भरशील?" मी गप्प.

आता तुमचं नेहमीचं उत्तर. 'ग्राहकाला स्वस्तच हवं असतं.' मला कुणी विचारलं होतं? एका पाकिटावर २१० आणि दुसऱ्यावर २६० लिहिलेलं असेल आणि बाकी सगळं सारखंच दिसत असेल, तर मी २१०चंच उचलणार. डोळे बांधून तुम्ही मला निवड करायला लावता आणि मग म्हणता, बघा, हिला फरक पडत नाही.

माझा हिशोब ऐका. एका डब्यात साधारण दीडशे ग्रॅम कच्चं चिकन जातं. किलोमागे साठ रुपये वाढले, तर डब्यामागे नऊ रुपये. मी गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर हे जसंच्या तसं टाकलं, शेडचे दोन फोटोही टाकले. बऱ्याच जणांनी चालेल म्हटलं. रात्रपाळीच्या दोन मुलांनी म्हटलं, काकी, डब्यामागे नऊ रुपये जड जातील, आम्हाला आहे तेच द्या. एकाने फोटो काढून टाकायला सांगितलं, जेवण जात नाही म्हणाला. त्या दोन मुलांची बाजू मला पटते. स्वस्त कोंबडी हे गरिबाचं मांस आहे, आणि त्याच्या ताटावर नैतिकतेचा कर बसवायला मी निघालेली नाही. तुमचं स्वस्त पाकीट राहू द्या. त्यावर फक्त खरं लिहा.

म्हणजे काय लिहा? किती दिवसांची होती. कुठली जात. एका पक्ष्याला किती जागा होती. कापण्याआधी बेशुद्ध केली होती का. चार ओळींचा मजकूर आहे, 'फार्म फ्रेश' आणि हिरव्यागार कुरणाचं चित्र काढून टाकलंत तर भरपूर जागा होईल. (ते कुरण कुठलं आहे, हे मला एकदा कुणीतरी सांगावं.) आजही प्रत्येक पाकिटावर तपकिरी त्रिकोण असतोच. तो शाकाहाऱ्याला सांगतो की इथे हात लावू नकोस. त्याची सोय झाली, उत्तम. खाणाऱ्याला सांगणारं काही आहे का त्यावर?

हे कुठे होत नाही असं नाही. युरोपीय संघात २००४ पासून अंड्यावर आकडा छापावा लागतो. शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे मोकळ्यावर हिंडणारी, दोन म्हणजे शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, तीन म्हणजे पिंजऱ्यातली. एवढासा आकडा. २०१२ साली तिथे जुने उघडेबोडके पिंजरे कायद्यानेच बंद झाले.

मांसाच्या कोंबडीची गोष्ट जास्त खडतर आहे, आणि ती तुमच्या धंद्यातली आहे. २००८ साली ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केट साखळीने अख्खी कोंबडी १ पौंड ९९ पेन्सला विकायला काढली. तिथला एक शेफ, ह्यू फर्नली-व्हिटिंगस्टॉल, कंपनीचा शेअर घेऊन भागधारकांच्या सभेत कोंबड्यांच्या हालांवर ठराव घेऊन गेला. ठराव पडला. नेदरलँड्समध्ये अशा कोंबडीला 'प्लोफकिप' हे नाव पडलं, फुगून फुटणारी कोंबडी, आणि नावानेच निम्मं काम केलं. तिथल्या सुपरमार्केटांनी एकत्र येऊन थोडी बरी कोंबडी विकायचं ठरवलं, तर २०१५ साली त्यांच्याच स्पर्धा आयोगाने अडवलं : सगळ्यांनी मिळून असं ठरवणं स्पर्धेला मारक आहे, आणि गिऱ्हाइकाला मिळणारा फायदा त्या मानाने पुरेसा नाही. मग एकेका साखळीने स्वतंत्रपणे पाऊल टाकलं. २०२३ संपेपर्यंत तिथल्या सुपरमार्केटांतलं ताजं चिकन संथ वाढणाऱ्या जातींचं झालं, किमान ५६ दिवसांचं, पक्षी कसा वाढवला ते सांगणाऱ्या, पाकिटावरच्या ताऱ्याच्या खुणेसह. चाळीस आणि छप्पन यांत फक्त सोळा दिवस आहेत. पण त्या सोळा दिवसांत पक्षी चालतो.

आपल्याकडे संथ वाढणारे पक्षी नाहीत असंही नाही. वनराज, गिरिराज ही नावं गावाकडे लोकांना पाठ आहेत, कडकनाथला तर २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आपल्या गोरेगावच्या आरे कॉलनीतच आहे, तुमच्या कितीतरी दुकानांपासून रिक्षाच्या अंतरावर. एकदा जाऊन या. 'गावरान' नावाने दुप्पट भावात काहीही खपवण्यापेक्षा ते सोपं पडेल. गटारीच्या आदल्या दिवशी 'गावरान' म्हणून मला एकदा जे मिळालं होतं, ते वीस मिनिटांत शिजलं. गावठी कोंबडी वीस मिनिटांत शिजत नाही हो.

तुमच्यापैकी एकानेच सुरुवात केली तरी चालेल. सगळ्यांनी मिळून करायची वाट बघू नका, डच लोकांचं काय झालं ते वर सांगितलंच. एका दुकानात, एका फ्रीजमध्ये, दिवसांचा आकडा छापलेली वीस पाकिटं ठेवा. बुधवारची सात मी घेते, हे लेखी देते.

मंगळवारी संध्याकाळी मी नेहमीसारखी येईन आणि तुमच्या त्या मुलाला विचारीन, "किती दिवसांची रे?" त्याला माहीत नसेल. त्याच्यावर चिडू नका, त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आपली एक गिऱ्हाईक,
परळ, मुंबई

ता. क. फरसबी कालपासून १८० झाली आहे. ऑफर परत लागली आहे.